हिशेब जुळला, पण साक्ष कुठे?

'कृष्णविवर' हा शब्द मराठीत आता चांगलाच रुळला आहे. बुडालेल्या पतपेढीला कृष्णविवर म्हणतात, कधीच न संपणाऱ्या सरकारी खर्चाला म्हणतात, आणि आमच्या वसतिगृहात तर एकीच्या पेटीलाच ते नाव आहे, कारण तिच्यात गेलेले पुस्तक परत येत नाही! शब्द असा घरोघर पोचला. त्यामागचा विचार मात्र वाटेतच राहिला. आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी त्याविषयी बोलतो ते दोनच तऱ्हांनी. एक तर 'ते सायन्सवाल्यांचे काम' म्हणून हात झटकतो. नाही तर मोबाइलवर आलेला 'शास्त्रज्ञांनी अखेर सिद्ध केले' असा मथळा जसाच्या तसा पुढे पाठवतो. या दोन्ही तऱ्हा मला सारख्याच आळशीपणाच्या वाटतात.

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. 'हे आपल्यासाठी नाही' हे वाक्य अशा घरांतून फार लवकर कानावर पडते आणि बोलणाऱ्याच्या मनात बहुधा मायाच असते. पण त्या वाक्याला एकदा हो म्हटले, की पुढे प्रत्येक दारावर तीच पाटी दिसू लागते. म्हणून कोणता प्रश्न कोणाचा, ही वाटणीच मला संशयास्पद वाटते. कृष्णविवराचे गणित मला सोडवता येणार नाही, हे उघड आहे. पण एखाद्या दाव्यामागे पुरावा कोणत्या जातीचा आहे, हे विचारण्याचा अधिकार मला आहे. किंबहुना आमच्या विषयाचे शिक्षण ते हेच. त्या अधिकाराने मी या लेखात एक मत मांडणार आहे. स्ट्रिंग सिद्धान्ताने कृष्णविवर आणि पुंजयामिकी यांच्यातील भांडणात जे काम केले ते खरोखर मोठे आहे. परंतु त्याला 'सिद्ध' म्हणणे चूक आहे, आणि 'थोतांड' म्हणणेही तितकेच चूक आहे.

आधी हे भांडण काय ते पाहू.

विसाव्या शतकाने पदार्थविज्ञानाला दोन थोर सिद्धान्त दिले. आइन्स्टाइन यांनी १९१५ साली व्यापक सापेक्षता सिद्धान्त मांडला. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ वक्र होतात व त्या वक्रतेलाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो, असे तो सांगतो. पहिल्या महायुद्धात सैन्यात असलेल्या कार्ल श्वार्ट्सशिल्ड यांनी त्याची समीकरणे सोडवली. त्यांचा निबंध १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेला अर्थ असा, की सूर्य दाबून सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येचा केला, तर त्याच्यातून प्रकाशही बाहेर पडू शकणार नाही. पृथ्वीची तशी गत करायची तर तिला खेळण्यातल्या गोटीएवढी करावी लागेल! ज्या सीमेच्या आत गेलेले काहीच परत येत नाही, तिला घटनाक्षितिज म्हणतात.

दुसरा सिद्धान्त पुंजयामिकीचा. हायझेनबर्ग यांनी १९२५ मध्ये आणि श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये तिचा पाया घातला. अणू, इलेक्ट्रॉन, प्रकाश यांचे सारे व्यवहार तिच्या नियमांनी चालतात. तिचा एक नियम आपल्या विषयाला फार महत्त्वाचा आहे. एखाद्या बंदिस्त व्यवस्थेची आजची स्थिती पूर्णपणे माहीत असेल, तर तिची कालची स्थिती तत्त्वतः काढता येते. म्हणजे निसर्गाच्या दप्तरातून कोणतीही नोंद कायमची खोडली जात नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वाक्य ऐकून हसू येईल. आमच्या शास्त्रात जळलेला कागद म्हणजे गेलेला कागद. वाड्याला आग लागली, मोडी रुमाल जळाले, की त्यांतली माणसे दुसऱ्यांदा मेली असेच आम्ही धरतो. पदार्थवैज्ञानिक म्हणतो, तसे नव्हे. राख, धूर, ज्वाळेचा प्रकाश, हवेत गेलेली उष्णता या सर्वांतला कण न् कण मोजता आला, तर त्यावरून पत्रातील मजकूर पुन्हा लिहिता येईल. प्रत्यक्षात हे कोणी करू शकणार नाही. पण तत्त्वतः शक्य असणे आणि तत्त्वतः अशक्य असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता तेच पत्र कृष्णविवरात टाकले तर? सापेक्षता सिद्धान्तानुसार स्थिरावलेले कृष्णविवर बाहेरून पाहणाऱ्याला तीनच गोष्टी सांगते: वस्तुमान, विद्युतभार आणि परिवलन. 'कृष्णविवराला केस नसतात' हे जॉन व्हीलर यांनी प्रचारात आणलेले वाक्य याच अर्थाचे. आत पत्र पडले की दगड, वजन सारखे असेल तर बाहेर फरक दिसणार नाही. तरीही इथपर्यंत बिघडत काही नाही. पत्र आत आहे, आपल्याला दिसत नाही इतकेच.

बिघडले ते १९७४ मध्ये. स्टीफन हॉकिंग यांनी पुंजयामिकीचे नियम घटनाक्षितिजाजवळ लावून पाहिले आणि कृष्णविवरातून मंद प्रारण बाहेर पडते, असा निष्कर्ष काढला. या प्रारणामुळे कृष्णविवर हळूहळू झिजते आणि शेवटी नाहीसे होते. काळ अर्थात प्रचंड लागतो. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराला सुमारे १ वर ६७ शून्ये इतकी वर्षे लागतील. विश्वाचे आजचे वय अवघे १३८० कोटी वर्षे आहे. पण प्रश्न काळाचा नाही, तत्त्वाचा आहे. हॉकिंग यांच्या गणिताप्रमाणे हे प्रारण निव्वळ उष्णतेचे. त्यात पत्रातल्या एकाही अक्षराचा माग नाही. मग विवर संपले, तेव्हा पत्र गेले कुठे? १९७६ मध्ये हॉकिंग यांनी बेधडक सांगितले की ते नष्ट झाले, आणि पुंजयामिकीचा तो नियम इथे लागू पडत नाही. दोन थोर सिद्धान्तांपैकी एकाने तरी माघार घ्यावी, अशी ही अवस्था होती.

या भांडणाला आणखी एक पदर आहे आणि स्ट्रिंग सिद्धान्त त्याच पदराला धरून आत शिरला. व्हीलर यांचे विद्यार्थी जेकब बेकेनस्टाइन यांनी १९७२ मध्ये असे सुचवले, की कृष्णविवराला एंट्रॉपी असली पाहिजे आणि ती त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असली पाहिजे. हॉकिंग यांनी आरंभी याला विरोध केला. पुढे त्यांच्याच गणिताने ते खरे ठरवले आणि नेमका आकडाही दिला. योग्य एककांत मोजले तर एंट्रॉपी म्हणजे क्षेत्रफळाचा एकचतुर्थांश.

एंट्रॉपी म्हणजे काय, हे समजायला पाच रुपये पुरतात. पाच हा आकडा पूर्णांकांच्या किती गटांत फोडता येईल? पाच, चार आणि एक, तीन आणि दोन, तीन, एक, एक, दोन, दोन, एक, दोन आणि तीन एक, आणि पाच एक. एकूण सात प्रकार. बाहेरच्याला 'एकूण पाच रुपये' एवढेच ठाऊक असेल, तर आतली मांडणी सातांपैकी कोणती, हे त्याच्यापासून लपलेले आहे. या लपलेल्या मांडण्यांच्या संख्येचे मोजमाप म्हणजे एंट्रॉपी. दहाच्या मांडण्या ४२ होतात. शंभराच्या तब्बल १९,०५,६९,२९२! आकडा थोडा वाढला की मांडण्या कशा उसळतात, याचे सूत्र हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ मध्ये दिले.

आता अडचण ध्यानात येईल. सापेक्षता सिद्धान्त म्हणतो की कृष्णविवर म्हणजे तीन आकडे, त्याच्या आत वेगळी मांडणी अशी काही नाहीच. बेकेनस्टाइन आणि हॉकिंग म्हणतात की मांडण्या अगणित आहेत. एका सूर्याच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची एंट्रॉपी खुद्द सूर्याच्या एंट्रॉपीच्या अब्जावधी पटींहूनही कितीतरी अधिक भरते. मग या मांडण्या आहेत तरी कशाच्या? खातेवहीत शिल्लक रक्कम दिसते आणि तिजोरी उघडायची तर किल्ली नाही, असा हा प्रकार वीस वर्षे चालला.

स्ट्रिंग म्हणजे तंतू. मूलभूत कण हे बिंदू नसून कंप पावणारे अतिसूक्ष्म तंतू आहेत, असे हा सिद्धान्त मानतो. सतारीच्या एकाच तारेतून जसे निरनिराळे स्वर निघतात, तसे तंतूच्या कंपनांतून निरनिराळे कण. यासाठी नऊ अवकाशाच्या व एक काळाची अशा दहा मिती लागतात. त्यांपैकी सहा गुंडाळलेल्या असल्यामुळे दिसत नाहीत, असे समजायचे. हे ऐकायला विचित्र खरेच. पण या तंतूंच्या कंपनांत गुरुत्वाकर्षणाचा कण आपोआप सापडतो, बाहेरून आणून बसवावा लागत नाही. आणि तंतूमधील ऊर्जा निरनिराळ्या कंपनांत किती प्रकारे वाटता येईल, हा हिशेब मुळात आपल्या पाच रुपयांचाच आहे. दिशा अनेक असल्यामुळे नाणी अनेक रंगांची असतात, एवढेच.

या हिशेबात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. अशोक सेन यांनी १९९५ मध्ये एका विशिष्ट कृष्णविवराची एंट्रॉपी आणि तंतूच्या मांडण्या यांचा मेळ बसत असल्याचे दाखवले. नेमका गुणक मात्र त्यातून मिळत नव्हता. सेन त्याआधी काही वर्षे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत होते. त्याच वर्षी जोसेफ पोल्चिन्स्की यांनी 'डी-ब्रेन' म्हणजे तंतूंची टोके जिथे चिकटतात त्या पृष्ठांचे महत्त्व उलगडून दाखवले, आणि १९९६ मध्ये अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि कमरुन वाफा यांनी निर्णायक पाऊल उचलले. त्यांनी पाच मितींतले एक खास कृष्णविवर घेतले. त्याची एंट्रॉपी एकीकडून क्षेत्रफळावरून काढली. दुसरीकडून डी-ब्रेनच्या मांडण्या एक एक करून मोजल्याप्रमाणे मोजल्या. मोठ्या विवराच्या बाबतीत दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळली, तो एकचतुर्थांशसुद्धा!

याचे महत्त्व बाजारातला माणूसही ओळखील. ज्वारीच्या पोत्यात दाणे किती, हे एकाने पोते काट्यावर घालून काढले. दुसऱ्याने काट्याला हात न लावता दाणे मोजले. दोघांची गाठ नाही, रीत एक नाही, आणि उत्तर मात्र एक! अशा वेळी दोघेही काही तरी खऱ्याला धरून आहेत, असेच आपण म्हणू. गुरुत्वाकर्षणाच्या बाजूचा आकडा आणि पुंजयामिकीच्या बाजूचा आकडा असा प्रथमच एकमेकांना भेटला. पुंजयामिकीच्या नियमांत कृष्णविवर बसू शकते, तिच्या नियमाला मुरड घालण्याची गरज नाही, या मताला यामुळे भक्कम आधार मिळाला.

पुढे हा हिशेब अधिकाधिक सूक्ष्म होत गेला. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीचे अतिश दाभोलकर यांनी या मोजणीवर महत्त्वाचे काम केले. २०१९ मध्ये ते इटलीतील त्रिएस्त येथील आंतरराष्ट्रीय सैद्धान्तिक भौतिकी केंद्राचे संचालक झाले. समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांच्याबरोबर २०१२ मध्ये त्यांनी जो प्रदीर्घ निबंध लिहिला, त्यात कृष्णविवराच्या मांडण्या मोजण्यासाठी रामानुजन यांची 'मॉक थीटा' फलने उपयोगी पडली. रामानुजन यांनी ही फलने १९२० च्या जानेवारीत हार्डींना लिहिलेल्या अखेरच्या पत्रात कळवली होती. एप्रिलमध्ये ते गेले. त्या वेळी कृष्णविवर हा शब्दही जन्माला आला नव्हता. कुंभकोणमच्या एका गरीब घरातल्या मुलाने मरणाच्या दारात लिहिलेले गणित ब्याण्णव वर्षांनी कुठे जाऊन उभे राहिले!

पत्राच्या मूळ प्रश्नाचे काय झाले? १९९७ मध्ये हुआन माल्दासेना यांनी असे मांडले, की एका विशिष्ट प्रकारच्या विश्वातील गुरुत्वाकर्षणाचे सारे व्यवहार त्या विश्वाच्या सीमेवरील, गुरुत्वाकर्षण नसलेल्या, साध्या पुंजसिद्धान्तात जसेच्या तसे लिहिता येतात. सीमेवर नोंद खोडली जात नसेल, तर आतही खोडली जाणार नाही. त्याच वर्षी हॉकिंग आणि किप थॉर्न यांनी जॉन प्रेस्किल यांच्याशी याच प्रश्नावर पैज लावली होती. २००४ मध्ये डब्लिन येथे हॉकिंग यांनी हार मान्य केली आणि ठरल्याप्रमाणे एक ज्ञानकोश भेट दिला. थॉर्न मात्र मागे हटले नाहीत. २०१९ मध्ये तरुण संशोधकांच्या दोन गटांनी गणिताने दाखवले, की प्रारणातील माहिती आधी घटते आहे असे भासले तरी उत्तरार्धात ती परत येऊ लागते. डॉन पेज यांनी १९९३ मध्ये असाच आलेख अपेक्षिला होता.

इथे वृत्तपत्रे लेखणी खाली ठेवतात आणि मथळा देतात, 'सिद्ध झाले'. माझे म्हणणे इथून सुरू होते.

हिशेब जुळला हे खरे, पण कोणाचा? स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांचे कृष्णविवर आकाशात कोणी पाहिलेले नाही. ते पाच मितींत आहे, त्याच्यावर भार जास्तीत जास्त मावेल इतका लादलेला आहे, त्याचे तापमान शून्य आहे. त्याची मोजणी जमते ती सुपरसिमेट्री नावाच्या नियमाच्या आधाराने, आणि त्या नियमाने भाकीत केलेला एकही जोडकण जिनिव्हाजवळच्या महाकाय यंत्रात आजवर सापडलेला नाही. माल्दासेना यांचे विश्व आपल्या विश्वासारखे नाही. आपले विश्व वाढत्या वेगाने प्रसरण पावते आहे, हे १९९८ मध्ये दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून कळले. २०१९ ची गणिते सोप्या करून घेतलेल्या नमुन्यांवरची आहेत. आणि पत्रातले अक्षर प्रारणात नेमके कोणत्या वाटेने उतरते, हे ती दाखवत नाहीत. हॉकिंग प्रारण तर खऱ्या कृष्णविवराचे कोणीच टिपलेले नाही. टिपणार तरी कसे? सूर्याएवढ्या विवराचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या कोट्यंशाहूनही कमी, आणि भोवतालचे आकाश त्या मानाने गरम, पावणेतीन अंशांचे.

तेव्हा या कामाला योग्य विशेषण 'सुसंगत' हे आहे. सुसंगत असणे ही लहान गोष्ट नव्हे. पण सुसंगत कथा आणि घडलेली गोष्ट यांतला फरक इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरायचा, तर मग शिकायचे काय? इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड काढली, ती बखरींतल्या गोष्टी जुळत नव्हत्या म्हणून नव्हे. बखरी पुष्कळदा फार छान जुळतात! राजवाड्यांना हवा होता त्या काळचा अस्सल कागद.

स्ट्रिंग सिद्धान्ताचे समर्थक यावर एक चांगले उत्तर देतात. ते म्हणतात, बोल्ट्समान यांची आठवण ठेवा. एकोणिसाव्या शतकात लुडविग बोल्ट्समान यांनी वायूची एंट्रॉपी ही न दिसणाऱ्या अणूंच्या मांडण्यांची मोजणी आहे, असे सांगितले. अणू कोणी पाहिले नव्हते. एर्न्स्ट माख यांच्यासारखे विद्वान अणूला केवळ सोयीची कल्पना समजत. खचलेल्या बोल्ट्समान यांनी १९०६ मध्ये त्रिएस्तजवळच्या दुइनो येथे आत्महत्या केली. आणि ते बरोबर होते! काय दैवदुर्विलास हा!

हे उत्तर मला अर्धे पटते. बोल्ट्समान यांना न्याय मिळाला तो त्यांचे गणित सुंदर होते म्हणून नाही. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थरथरीवरून अणूंचा माग काढण्याची रीत सांगितली, आणि १९०८ पासून झां पेरँ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ती थरथर खरोखर मोजली. तेव्हा अणू सिद्ध झाला.

दुसऱ्या अर्ध्या भागासाठी त्याच शतकातला दुसरा माणूस आठवावा. लॉर्ड केल्विन यांनी १८६७ मध्ये असे मांडले, की अणू म्हणजे विश्वभर पसरलेल्या ईथरमधले भोवरे होत, आणि त्या भोवऱ्यांच्या गाठी निरनिराळ्या म्हणून मूलद्रव्ये निरनिराळी. कल्पना विलक्षण देखणी. तिच्यापायी पीटर टेट यांनी गाठींचे तक्ते तयार केले, त्यातून गणिताची एक नवी शाखा वाढली आणि आजही ती जिवंत आहे. पण ईथरचा पत्ता १८८७ च्या मायकेलसन आणि मोर्ले यांच्या प्रयोगाला लागला नाही, आणि अणू काही गाठी निघाले नाहीत. ज्या काळी प्रयोग नव्हता, त्या काळी बोल्ट्समान आणि केल्विन या दोघांतला कोण खरा ठरणार, हे केवळ गणिताच्या सौंदर्यावरून कोणी सांगू शकले असते काय? मला नाही वाटत. स्ट्रिंग सिद्धान्त आज त्याच चौकात उभा आहे. तो बोल्ट्समान ठरेल की केल्विन, हे आज ठामपणे सांगणारा माणूस श्रद्धेने बोलतो आहे, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

म्हणूनच 'थोतांड' म्हणणाऱ्यांशीही माझे पटत नाही. प्रयोग नाही म्हणून विचारच करू नये, असा नियम केला असता तर बोल्ट्समान यांना पहिल्याच दिवशी घरी बसवावे लागले असते. या संशोधनाला पैसा फार लागतो, हा आक्षेपही पोकळ आहे; तंतूंचे गणित करणाऱ्याला मुख्यतः कागद, पेन्सिल आणि बोलायला चार जाणकार माणसे लागतात. शिवाय एक गोष्ट या मंडळींनी पक्की साधली आहे. पूर्वी 'कृष्णविवरात पुंजयामिकी मोडलीच पाहिजे' असे वाटत असे. 'मोडलीच पाहिजे' यातला 'च' त्यांनी काढून टाकला. न मोडणारी निदान एक वाट आहे, हे त्यांनी हिशेब मांडून दाखवले. अशक्य वाटणारे शक्य आहे, एवढे दाखवणे हाही ज्ञानाचा मोठा नफा आहे.

तिसरा एक पक्ष आपल्याकडे हटकून असतो. तो म्हणतो की हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते. विश्वरूपाच्या मुखात सगळे शिरते, तेच कृष्णविवर! पूर्वजांच्या काव्याविषयी माझ्या मनात आदर आहे, म्हणूनच मला हे बोलणे खपत नाही. काव्याला एकचतुर्थांशाचा हिशेब विचारणे हा काव्याचा अपमान, आणि उपमेला शोध म्हणणे हा शोधाचा. अभिमानच बाळगायचा तर रामानुजन यांच्या त्या शेवटच्या पत्राचा बाळगावा. त्याला तारीख आहे, सही आहे आणि प्रत्येक ओळ तपासता येते.

मग साक्ष मिळणार कुठून? निदान अर्ध्या भागाची मिळू लागली आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या. १४ जानेवारी २०२५ रोजी टिपलेली अशीच एक लहर इतकी स्पष्ट होती, की मीलनापूर्वीच्या दोन क्षितिजांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर आणि मीलनानंतरचे सुमारे ४,००,००० चौरस किलोमीटर, असे मोजता आले. महाराष्ट्र राज्य ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचे आहे. म्हणजे महाराष्ट्राहून लहान होते ते महाराष्ट्राहून मोठे झाले! क्षितिजाचे क्षेत्रफळ अशा मीलनात घटत नाही, हे हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सांगितलेले प्रमेय प्रत्यक्ष मोजमापाला उतरले. ज्या क्षेत्रफळाला बेकेनस्टाइन एंट्रॉपी म्हणाले, तेच हे क्षेत्रफळ. पोते काट्यावर चढले म्हणायचे. दाणे मोजणे अजून बाकी आहे, आणि या लहरींनी ते होईलच असे नाही.

आणि काटा आता आपल्याही अंगणात येत आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची भारतीय वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. मराठवाड्यातल्या ज्या मातीत ज्वारी आणि कापूस पिकतो, त्या मातीत उद्या कृष्णविवरांची नाडी मोजली जाईल. त्या वेळी पुन्हा मथळे येतील, 'सिद्ध झाले' म्हणणारे येतील, 'पैशाची नासाडी' म्हणणारे येतील, 'आम्हांला ठाऊकच होते' म्हणणारेही येतील. तेव्हा गावातल्या माणसाला मराठीत, नेमक्या शब्दांत समजावून सांगणारा कोणी हवा. डॉ. जयंत नारळीकर यांनी ते काम जन्मभर केले, आणि मे २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. प्रचलित महास्फोट सिद्धान्ताशी अखेरपर्यंत वाद घालणारा हा खगोलशास्त्रज्ञ २०२१ च्या नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला होता, हे आपण विसरू नये. त्यांची गादी एकटे विज्ञानशाखेचे विद्यार्थी चालवू शकणार नाहीत. शब्द तोलून वापरण्याचे शिक्षण आम्हांला दिले जाते. त्याचा उपयोग कादंबरीच्या परीक्षणापुरताच का करावा?

म्हणून माझी महाविद्यालयाकडे एक लहानशी मागणी आहे. विज्ञान मंडळाच्या व्याख्यानांच्या सूचना विज्ञान इमारतीच्या फलकावरच लागतात. त्या येत्या वर्षापासून कलाशाखेच्या फलकावरही लावाव्यात, आणि व्याख्यानानंतरचा पहिला प्रश्न आमच्यापैकी कोणाला तरी विचारू द्यावा. प्रश्न माझ्याजवळ तयार आहे: 'महाराज, आपण आत्ता जे सांगितले ते मोजलेले, की जुळलेले?'